बोरीवालीची पिल्लं

बिबट्या केंद्र, जुन्नर
१४ मार्च २००२

अक्का, जय भीम.

दवाखान्यात सगळ्या वॉर्डासमोर तू मला ‘चालता हो’ म्हणालीस, म्हणून चालता झालो. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, साक्षीसाठी आणलेली मोसंबी माझ्याच हातात राहिली. नारायणगावपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि उतरताना कंडक्टरच्या हातात दिली. तो पैसे द्यायला लागला तर त्याच्यावरच खेकसलो.

तुला राग कशाचा आला ते कळतं मला. पाच वर्षांची पोरगी टाक्यांनी शिवलेली पडली आहे आणि तिचा सख्खा मामा तिसऱ्या दिवशी कामावर हजर होऊन बिबट्यांना मांस टाकतो. अक्का, मी रोजंदारीवरचा माणूस आहे. इथे मी आणि चिमाजीकाका दोघंच, आणि काकांचे गुडघे गेलेले. पिंजऱ्यातल्या जनावराला उपाशी ठेवता येत नाही. जाऊ दे, मला भांडायचं नाही. म्हणजे भांडायचंच आहे, पण त्याला तू समोर पाहिजेस.

साक्षीची मान कशी आहे? डावीकडे वळायला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणत होते. तुला लिहिता येत नाही, पण दाजींना येतं. हे पत्रही तेच वाचून दाखवत असतील. दाजी, जय भीम. दोन ओळी टाका.

आता कळवायचं ते कळवतो. गेल्या शनिवारी तुमच्या बांधावरच्या सापळ्यात जी मादी अडकली, ती इथेच आणली आहे, सात नंबरच्या पिंजऱ्यात. हेच तुला कुणीतरी सांगितलं आणि तू भडकलीस. तिला मारून टाकायला पाहिजे होतं, असं बोरीत सगळे म्हणतात. तुला तर तसं वाटणारच. तू पोरीच्या पायाला लोंबकळून मादीच्या तोंडातून पोरगी ओढून काढलीस, हातात साधं खुरपं नसताना. अख्ख्या बोरी बुद्रुकमध्ये एवढी छाती कुणाची नाही. मला तुझा अभिमान वाटतो, आणि तोंडावर सांगायची सोय राहिली नाही.

मी तिला बोरीवाली म्हणतो. कागदावर तिला फक्त नंबर आहे, पण नंबराला हाक मारता येत नाही. ती एक क्षण बसत नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वळायचं, परत. मीही पिंजऱ्यांच्या ओळीतून तसाच फिरतो. काल चिमाजीकाका म्हणाले, “आरं, तुमी दोघंबी फिरतायसा, मला बसल्याजागी गरगरायला लागलं.”

अजून एक गोष्ट आहे. पण आज हात चालत नाही.

तुझा हनुमंत


२ एप्रिल २००२

अक्का,

उत्तर नाही. ठीक आहे.

तीन पिल्लांतलं एक काल मेलं. तुमच्याच उसात सापडलेल्या तिघांतलं, सगळ्यात धाकटं, शेपटीला पांढरा शेंडा होता ते.

दाजी, तुम्ही त्या दिवशी कारखान्यावर होता, म्हणून तुमच्यासाठी पहिल्यापासून लिहितो. बावीस फेब्रुवारीला तोडणीवाल्यांना सरीत उसाच्या वाळल्या पाचटावर तीन पिल्लं दिसली. ते कोयते टाकून पळाले आणि पार बैलगाड्यांपाशी जाऊन बसले. मला निरोप आला, मी मोटरसायकल काढून आलो. आमचा नियम असा आहे की पिल्लं सापडली तर तोड थांबवायची, माणसं लांब करायची आणि पिल्लं तिथेच ठेवायची. अंधार पडायला लागला की आई येते आणि एकेक तोंडात धरून नेते. मी त्यातलं काही केलं नाही. साडेअकराला पिल्लं टोपलीत बांधून बोरी सोडली. केंद्रावर कागदावर लिहिलं, आई दोन दिवसांपासून सोडून गेलेली आहे, पिल्लं थंड पडलेली सापडली.

ते खोटं होतं. पिल्लं गरम होती. त्यांची पोटं दुधाने टम्म होती. केंद्राच्या डॉक्टरीण बाई पुण्याला गेल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी येईपर्यंत पोटं रिकामी झाली आणि माझं खोटं पचलं.

बांधावर त्या वेळी अक्का आणि मी, दोघंच होतो. तिथे जे काही बोलणं झालं त्याला महत्त्व नाही. मला घाई होती, एवढंच धरा.

बिबट्या माणसावर का जातो हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही, मोठे मोठे साहेबसुद्धा नाही. पण मला एवढं कळतं की तुमचा ऊस तुटून गेला, लपायला जागा उरली नाही, तरी ती मादी त्या शिवारातून हलली नाही. एरवी ओढ्याने कधीच निघून गेली असती. नऊ दिवस ती घरांच्या मागे-पुढे काहीतरी शोधत फिरत होती. दहाव्या दिवशी दिवेलागणीला साक्षी शेळीचं करडू आणायला घरामागच्या परड्यात गेली.

मादी पकडून आणली तेव्हा बाईंनी तिला भुलीचं इंजेक्शन देऊन तपासलं. पोटाखाली दाबलं तर दुधाचा थेंब आला. बाई म्हणाल्या, “हिची पिल्लं कुठे असतील रे?” मी म्हणालो, “काय माहीत.” तीस पावलांवर होती, अक्का. मी मोजली आहेत. दिवसातून चार वेळा मी त्यांना बाटलीने शेळीचं दूध पाजायचो. पिल्लं ओरडायची आणि सात नंबरमध्ये फिरणं एकदम थांबायचं. मग मादी घशातून एक हळू आवाज काढायची, खोकल्यासारखा, पुन्हा पुन्हा. काका मला म्हणाले, “हनमंता, ही आई हाय रं त्यांची.” मी म्हणालो, “काका, तुम्ही तुमचे गुडघे बघा.”

काल ते पिल्लू गेल्यावर मात्र राहवलं नाही. बाईंना सगळं सांगितलं. का केलंस म्हणाल्या. आळस केला, घाई होती, म्हणालो. त्या पिल्लू फडक्यात गुंडाळून हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “हनुमंत, तीन आठवडे त्याची आई इथेच होती.” मला काढून टाकलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्याच निघून गेल्या.

मला लाज वाटते. आणखी काही लिहिता येत नाही.

हनुमंत


११ एप्रिल २००२

अक्का,

हे तुला सांगू नये असं वाटतं, पण सांगायला दुसरं कुणी नाही.

बाईंनी गेल्या आठवड्यात दोन्ही पिल्लं सात नंबरच्या शेजारच्या खणात ठेवली, मधे जाळी. आई त्यांना ओळखेल की फाडेल, कुणालाच खात्री नव्हती. मी दीड महिना हाताळलेली, माझ्या विडीचा वास लागलेली पिल्लं. मी पाण्याचा पाईप हातात धरून तयार होतो, तिने पंजा मारला तर फवारा सोडायला.

तिने पंजा मारला नाही. जाळीला अंग लावून आडवी झाली आणि जाळीतून चाटायला लागली. जाळी चाटली, गज चाटला, पिल्लाचं जेवढं नाक बाहेर आलं तेवढं चाटलं. तिसऱ्या दिवशी मधली जाळी उचलली. आता दोघं तिच्या पोटाशी झोपतात. दूध आटलंय, तरी ती चोखत बसतात आणि ती चोखू देते.

ती फिरायची थांबली आहे. मी थांबलेलो नाही.

साक्षीला घरी आणलं असं बेल्ह्याच्या बाजारात कळलं. दाजी दिसले होते, शेळ्यांच्या टेम्पोपाशी. मी हात केला. त्यांनी बघितलं आणि टेम्पोच्या पलीकडे गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

हनुमंत


३० नोव्हेंबर २००३

अक्का,

दीड वर्ष लिहिलं नाही. तू वाट बघत नव्हतीस, तेव्हा माफी मागायचं कारण नाही.

इथे आता बसायला फुरसत नाही. मी रुजू झालो तेव्हा सगळे मिळून पाच बिबटे होते, आता जागा पुरत नाही. जुन्नर म्हणू नको, आंबेगाव म्हणू नको, रोज कुठून तरी गाडी येते. मंचरकडून आलेल्या एका म्हाताऱ्याचे सुळे पार झिजलेत, त्याला मी मांसाचे बारीक तुकडे करून घालतो आणि तो माझ्यावरच गुरगुरतो. एक नर बेल्ह्याच्या शिवारात विहिरीत पडला होता. चारी बाजूंनी दोर बांधून आत बाज सोडली, तर हा पठ्ठ्या पाव्हण्यासारखा चढून बसला. वर सगळं गाव जमलेलं. एक म्हातारी म्हणाली, “आता च्या बी द्या त्येला.”

बोरीवालीची दोन्ही पिल्लं आता तिच्याएवढी झाली, वेगळी ठेवावी लागली. त्यांना सोडता येत नाही. शिकार शिकवणारी आई स्वतःच पिंजऱ्यात, तर ती शिकणार कुठे? माझ्यामुळे दोन जनावरं जन्मभर गजाआड राहणार. बाई हे बोलून दाखवत नाहीत. बाईंनी मला एकच शिक्षा दिली, पिल्लं सापडल्याचा निरोप कुठूनही आला की जायचं मी. दुसऱ्या कुणी नाही.

परवा पिंपळवंडीला गेलो होतो. तोड चालू होती. तिथल्या पोरांनी चार पिल्लं बादलीत घालून देवळात आणून ठेवली होती, बाया हळद-कुंकू घेऊन निघालेल्या. टोळीचा मुकादम माझ्या अंगावर आला, “आमी काय रिकामं बसायचं व्हय?” मी त्याला म्हणालो, बसायचं. शेतमालकाची बायको रडकुंडीला आली, टोळी निघून जाईल म्हणून. तिच्याकडे मला बघवेना. पण मी हललो नाही. टोमॅटोच्या क्रेटमध्ये पाचट अंथरून पिल्लं ठेवली, जिथे सापडली त्याच सरीत. साडेसहाला सगळ्यांना लांब घेतलं आणि मी जीपमध्ये बसलो.

सव्वासातला ती आली. क्रेट पंजाने आडवं केलं. एकेक उचललं, चार खेपा केल्या, आणि गेली. सकाळी टोळी परत तोडायला आली आणि दुपारपर्यंत रान मोकळं झालं. एक दुपार गेली, अक्का. एवढंच लागलं असतं. एक दुपार.

जीपमध्ये मी लहान पोरासारखा रडलो. ड्रायव्हरला वाटलं, आनंदाने रडतोय. त्याने पाठ थोपटली.

साक्षी शाळेत जाते असं ऐकतो. गळ्याभोवती रुमाल बांधते म्हणे. तिला मुलं चिडवत असली तर मला कळव, मी येऊन एकेकाचे कान उपटतो. येऊ देणार नाहीस, माहीत आहे.

हनुमंत


२२ जानेवारी २००६

अक्का,

आज साक्षी इथे येऊन गेली. तू तिला मारू नकोस, म्हणून घाईने लिहितो आहे.

शाळेची सहल शिवनेरीला आली होती. उतरताना गुरुजींनी मुलं इकडे आणली. पन्नास मुलं आणि गोंगाट, माझं डोकं उठलं होतं. एवढ्यात एक मुलगी रांग सोडून माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि मान न वळवता अख्खी माझ्याकडे वळली. तेव्हा ओळखलं. माझ्या आईचं नाक आहे तिला. चार वर्षांत केवढी झाली!

“मामा, आमच्या उसातली कुठली?” म्हणाली. मी चपापलो. हिला कुणी सांगितलं? म्हटलं दाजी बोलले असतील.

नेलं तिला. तू म्हणशील, नेलंसच का. अक्का, तिने हात धरला होता, मला सोडवता आला नाही. बोरीवाली आता थकली आहे, एका डोळ्यात फूल पडलंय. सावलीला पडून होती. साक्षी खूप वेळ बघत राहिली. घाबरली नाही, रडली नाही. मग म्हणाली, “लहान आहे गं बाई.” तिला ती डोंगराएवढी आठवत असणार.

मग म्हणाली, “ही पिल्लं हुडकत होती ना?” हो म्हणालो. “पिल्लं कुणी नेली?” मी म्हणालो, मी. “का?”

घाई होती, म्हणालो. तिने ऐकून घेतलं. पण तिला ते पटलं नाही. तुझ्यासारखीच बघते ती, समोरच्याचं खोटं त्याच्याच अंगलट येईपर्यंत.

अक्का, मी एवढंच बोललो. तुझं नाव मी काढलं नाही. बाईंपुढे काढलं नाही, पोरीपुढे काढलं नाही, मरेपर्यंत काढणार नाही. बांधावर तू जे म्हणालीस ते तुझ्यामाझ्यात राहील, हे वाचणारे दाजी सोडले तर. मोठ्या बागायतदारांचा ऊस आधी जातो आणि आपल्या दीड एकराचा नंबर शेवटी येतो, हे मला काय माहीत नव्हतं? तू काही चूक बोलली नाहीस. नाही म्हणायची अक्कल मला पाहिजे होती, कारण नियम मला माहीत होता, तुला नव्हता. तेव्हा दोष माझा. तो माझ्याकडेच असू दे, मला आता त्याची सवय झाली आहे.

फक्त एकदा भेट. भांडायला भेटलीस तरी चालेल. मला फार एकटं वाटतं.

तुझा हनुमंत


बोरी बुद्रुक
५ फेब्रुवारी २००६

प्रिय मामा,

आई सांगते तसंच लिहिते आहे. तसंच लिव्ह म्हणाली. आमच्या बाईंनी बघितलं तर शुद्धलेखनाला शून्य देतील.

हनमंता, तुजी पत्रं तुज्या दाजींनी वाचली न्हाईत. मीच वाचू दिली न्हाईत. जशी आली तशी पिठाच्या डब्यामागं ठिवली. फेकवली बी न्हाईत आन् फोडवली बी न्हाईत. औंदा साक्षी घडाघडा वाचाया लागली. दिवाळीच्या साफसफाईत तिला ती घावली. एकेक फोडून तिनं मला वाचून दावली. म्हनून तिला समदं ठावं व्हतं. म्हनून ती तुज्याकडं आली. मी मारलं न्हाई तिला.

परवा तुजं नवं पत्र आलं. त्ये बी तिनंच वाचलं. माजं नाव काडनार न्हाई म्हनून तू लिव्हलंस तितं ती थांबली आन् माज्याकडं बगाया लागली. मी चुलीत लाकूड सारत बसले. दोन दीस झालं, ती काय इचारत न्हाई.

तवा आता ह्ये तिच्याच हातानं लिव्हून घेते. दुसऱ्या कुनाकडनं न्हाई.

पिल्लं ने म्हनून मीच म्हनले व्हते. तू म्हनलास, अक्का, सांजंपत्तुर थांब, त्येंची आई येती. मी म्हनले, टोळी एकदा गेली तर म्हैनाभर फिरकनार न्हाई, समद्यांचं झालं की आमचं. तरी तू नगं म्हनलास. मग मी म्हनले, सरकारी कामाला लागलास, बहिनीला येवढा बी उपेग न्हाई का तुजा. तू गप झालास. पिल्लं तू उचलली न्हाईस. मी उचलली. ह्या हातानं टोपलीत घातली आन् माज्याच जुन्या लुगड्याचा तुकडा वरनं बांधला. लई गरम व्हती.

साक्षी, हात थांबवू नगंस. लिव्ह.

दवाखान्यात तुला हाकलला त्यो बिबट्याच्या रागानं न्हाई. तू समोर आलास की मला ती टोपली दिसायची. तू कुनाला सांगशील म्हनून भ्या वाटायचं, आन् सांगत न्हाईस म्हनून आनखी राग यायचा. चार वरसं माजं तू वाहिलंस. आता बास कर. माजं मला दे.

आईचं संपलं. खालचं माझं आहे.

मामा, “पिल्लं तू उचलली न्हाईस, मी उचलली” ही ओळ मी पहिल्यांदा लिहिलीच नव्हती. आईला वाचता येत नाही म्हणून मला वाटलं चालेल. पण तिने सगळं पत्र परत वाचून घेतलं आणि म्हणाली, ती वळ कुठं गेली? मग दुसऱ्या कागदावर पहिल्यापासून लिहिलं. हे ते दुसरं आहे.

मला आईचा राग आला होता. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ती मला हाक मारायला आली नाही, म्हणून मी आत बघितलं तर ती चुलीपुढे बसली होती आणि चूल विझलेली होती. मग मी जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने आधी हात लावला नाही. मग रुमाल सोडला आणि गळ्याला, जिथे शिवलं आहे तिथे, हात ठेवला. तिने आजपर्यंत तिथे कधी हात लावला नव्हता.

रविवारी सुट्टी आहे. तू ये. हे आईने सांगितलेलं नाही, मी लिहिते आहे.

साक्षी